आपल्या लेव्हलला साजेसा गोल्फ सेट कसा निवडायचा: पहिल्या सात क्लबपासून सिंगल हँडिकॅपपर्यंत

खारघरला नाहीतर पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर पहिल्या टी-पाशी, म्हणजे खेळ सुरू करायच्या जागी, थोडा वेळ उभं राहा आणि नवीन लोकांच्या बॅगा बघा. चकचकीत चौदा क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, प्रत्येकावर वेगळं कव्हर, आणि अठरा होल संपेपर्यंत त्यातले बाहेर येतात पाच-सहाच, बाकीचं वजन कॅडी बिचारा उन्हात वाहत असतो. ब्रँडेड माल आपल्याकडे इम्पोर्ट होऊन येतो, त्यामुळे आयर्न (मधल्या अंतराचे), ड्रायव्हर आणि वूड (लांब मारायचे), वेज (जवळून उंच मारायचे), पटर (होलकडे बॉल घरंगळवायचा) असं सगळं नवीन घेतलं तर बिल आरामात लाखाच्या वर जातं, आणि एवढं करून त्यातला फोर आयर्न (आकडा लहान तितका क्लब लांब) एकदाही धड हवेत गेलेला नसतो.

होतं काय, दुकानात क्लब हातात घेऊन हलवताना आपल्या डोळ्यांसमोर असतो आपला सगळ्यात भारी शॉट, तो मागच्या रविवारी सरळ गेलेला. राऊंडमध्ये तसे शॉट मोजकेच असतात. बाकीचे टो-ला (क्लबच्या बाहेरच्या टोकाला) लागलेले, बॉलच्या वरच्या भागाला लागून पातळ निघालेले, बॉलच्या आधी जमिनीत घुसलेले. सेट निवडायचा तो या बाकीच्या शॉट्सकडे बघून. कुठला क्लब माझा बिघडलेला शॉट जरा कमी बिघडवतो, हा एकच प्रश्न प्रत्येक पायरीला विचारायचा. खाली सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय, आणि ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने करा, कारण मापं न घेता लोक थेट ड्रायव्हरपासून सुरुवात करतात.

पायरी १: आपण नक्की कुठे आहोत

हँडिकॅप, म्हणजे पारपेक्षा (कोर्सला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) तुम्हाला साधारण किती फटके जास्त लागतात तो आकडा, असेल तर सोपं आहे. २०२० पासून वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आहे आणि त्यात इंडेक्स, म्हणजे हाच आकडा, ५४.० पर्यंत मिळतो, म्हणजे अगदी नवख्यालाही स्वतःचा आकडा असू शकतो. ढोबळमानाने ३० च्या वर नवशिके, १८ ते ३० हाय हँडिकॅप, १० ते १८ मिड, आणि १० च्या आत सिंगल डिजिट. हँडिकॅप नसेल तर स्कोअर बघा, पण खरा स्कोअर हं, मलिगन (बिघडलेला शॉट परत मारायची सूट) न घेता आणि मित्रांनी 'दिला, दिला' म्हणून उचलायला लावलेले दोन फुटी पट, म्हणजे पटरचे फटके, स्वतः मारून मोजलेला.

स्कोअरपेक्षाही जास्त माहिती क्लबच्या फेसवर, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूवर, मिळते आणि ती काढायला खर्च काहीच नाही. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाताना साधा व्हाइटबोर्ड मार्कर न्या, बॉलवर जाड ठिपका काढा, ठिपका क्लबच्या बाजूला येईल असा बॉल ठेवा आणि मारा. फेसवर छाप उमटतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढा, फेस पुसा, पुढचा बॉल. सेव्हन आयर्नने असे वीस-पंचवीस शॉट झाले की फोटो एकापाठोपाठ एक बघा. छाप फेसभर विखुरलेले असतील, एक टो-ला, एक हीलला (दांड्याकडच्या बाजूला), एक अगदी खालच्या कडेला, तर तुमचा स्कोअर काहीही सांगत असो, क्लबच्या बाबतीत तुम्ही नवशिके आहात. छाप एकाच जागी येतायत पण ती जागा मध्याच्या बाहेर आहे, सारखी टो-कडे किंवा सारखी हीलकडे, तर स्विंग बऱ्यापैकी बसलाय आणि क्लबची लांबी किंवा उभं राहायचं अंतर चुकतंय. आणि छाप मध्याच्या आसपास पाच रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत येत असतील तर अभिनंदन, तुम्हाला निवडीला बराच वाव आहे.

पायरी २: मापं

कंपन्यांचा 'स्टँडर्ड' लांबीचा पुरुषांचा सेट साधारण पावणेसहा फुटी माणसाला धरून बनवलेला असतो. आपल्याकडे पाच-चार, पाच-पाच उंचीची माणसं भरपूर, आणि त्यांनी तोच सेट उचलला की क्लब लांब पडतो, मग एकतर माणूस बॉलपासून लांब उभा राहतो नाहीतर हात वर उचलून धरतो, टो जमिनीपासून वर उठतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल डावीकडे निघतो. मग तो बिचारा आठ महिने स्विंग दुरुस्त करत बसतो.

खेळायचे बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा, आणि दुसऱ्या कोणाला तरी मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत टेपने मोजायला सांगा. ३४ ते ३७ इंच आलं तर स्टँडर्ड लांबी चालते. ३२ ते ३४ मध्ये पाव ते अर्धा इंच कमी, त्याच्याही खाली असेल तर अर्धा ते एक इंच कमी, ३७ च्या वर असेल तर उलट वाढवायचं. नुसती उंची बघून चालत नाही कारण हात लांब-आखूड असतात, सहा फुटी माणसालाही कधीकधी स्टँडर्डच लागतो.

क्लब आखूड करायचा तर ग्रिप काढून शाफ्ट, म्हणजे दांडा, वरून कापतात, कुठलाही जाणता क्लब रिपेअरवाला करून देतो. पण अर्धा इंच कापला की स्विंगवेट साधारण तीन पॉइंटने उतरतं, म्हणजे हेड हातात हलकं लागायला लागतं, आणि शाफ्टही थोडा कडक होतो. अर्धा इंचपर्यंत सहसा खपून जातं. एक इंच कापायची वेळ आली तर हेडला वजन लावून घ्या, नाहीतर सरळ दुसरा सेट बघा.

त्यानंतर लाय अँगल, म्हणजे क्लब टेकवल्यावर शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन. तोच मार्कर घ्या, बॉलच्या मागच्या बाजूला एक उभी सरळ रेघ काढा, रेघ क्लबच्या फेसकडे ठेवा आणि मारा. फेसवरची रेघ उभी उमटली तर लाय बरोबर. रेघेचं वरचं टोक टो-कडे कललं तर क्लब तुम्हाला जास्त अपराइट (उभा) आहे, हीलकडे कललं तर जास्त फ्लॅट (आडवा). फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) आयर्न एक-दोन अंश वाकवून मिळतात, कास्ट (ओतीव) हेड वाकवताना मात्र तुटायची भीती असते, म्हणून ते काम ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडेच करा, पाइपात घालून वाकवणाऱ्याकडे नको.

राहिला स्पीड, म्हणजे क्लब किती वेगाने फिरतो ते. लाँच मॉनिटर (शॉटचा वेग आणि अंतर मोजणारं यंत्र) असलेला कोच किंवा सिम्युलेटर जवळ असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. नसेल तर कोर्सवर सपाट जमिनीवरून सेव्हन आयर्नचा कॅरी बघा, म्हणजे बॉल पडला तिथपर्यंतचं अंतर, घरंगळत गेलेलं नाही. रेंजचे बॉल झिजलेले असतात, ते कमी जातात, त्यावर हिशोब करू नका. आणि उन्हाळ्यात कडक फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पन्नास यार्ड पळालेला ड्राइव्हही यात धरायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

पायरी ३: किती क्लब घ्यायचे

नियम म्हणतो जास्तीत जास्त चौदा. अमेरिकेत १९३८ आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून ही मर्यादा आहे, त्याआधी काही लोक वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायचे. कमीत कमी किती याला नियमच नाही. चिक इव्हान्सने १९१६ ची यूएस ओपन सात क्लब घेऊन जिंकली, तेही लाकडी हिकरी शाफ्टचे. आपल्याला ओपन जिंकायची नाहीये, अठरा होल शंभर फटक्यांच्या आत संपवायचेत, तर सात क्लब नक्की पुरतात.

नवशिक्यासाठी माझी यादी अशी: फाइव्ह वूड, एक हायब्रिड (वूड आणि आयर्नच्या मधला) २४-२५ अंश लॉफ्टच्या (फेस मागे कलण्याच्या कोनाच्या) आसपासचा, सेव्हन आयर्न, नाइन आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. ड्रायव्हर नाही. हे वाचून पुष्कळ लोक नाराज होतील ते माहितीये, पण पहिले काही महिने टीवरून फाइव्ह वूड मारणाऱ्याचा बॉल सापडतो आणि ड्रायव्हर मारणाऱ्याचा झाडीत शोधावा लागतो. सेव्हन आणि नाइनच्या मध्ये वीस-पंचवीस यार्डांची फट राहते, ती सेव्हन आयर्न थोडा खाली धरून भरायची. हे शिकणं पुढे आयुष्यभर कामाला येतं.

बॉक्समध्ये येणारे पॅकेज सेट वाईट नसतात. डेकॅथलॉनचे इनेसिसचे हाफ सेट असोत किंवा मोठ्या कंपन्यांचे बॅगसकट मिळणारे पूर्ण सेट, सुरुवातीला ठीक आहेत. फक्त लांबी आपल्या मापाशी ताडून घ्या आणि पटर आवडला नाही तर वेगळा घ्यायची तयारी ठेवा.

पायरी ४: आयर्न

खरा पैसा इथे जातो आणि खरी गफलतही इथेच होते, म्हणून इथे जरा थांबू.

जुन्या काळचा आयर्न म्हणजे ब्लेड, एकसंध लोखंडाची पातळ पट्टी, सगळं वजन मध्याच्या मागे. मध्यात लागला तर हातात काहीच जाणवत नाही, बॉल लोण्यातून निघाल्यासारखा निघतो. अर्धा इंच बाजूला लागला की हेड फिरतं, बॉल वीस यार्ड कमी जातो आणि हिवाळ्यात तर हाताला झिणझिण्या येतात. जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर असलेल्या कार्स्टन सोल्हाइमने १९५९ मध्ये आपला पहिला पटर बनवला तेव्हा वजन मधून काढून टो आणि हीलकडे नेलं, त्याच्या आवाजावरून त्याला पिंग नाव पडलं, आणि हीच कल्पना पुढे आयर्नमध्ये आली. पिंगचा १९८२ चा आय टू हा त्यातला सगळ्यात गाजलेला, अजूनही जुन्या बॅगांमध्ये दिसतो. मागे खड्डा आणि कडेला वजन, म्हणून कॅव्हिटी बॅक. कडेला वजन असल्यामुळे बॉल बाजूला लागला तरी हेड कमी फिरतं. ज्या आकड्याला एमओआय म्हणतात तो दुसरं काही नाही, हेड फिरायला किती विरोध करतं त्याचं माप.

आता दुकानात जे दिसतं ते ढोबळ चार प्रकारचं असतं. सुपर गेम इम्प्रूव्हमेंट, म्हणजे जाड सोल (तळ), जाड टॉपलाइन (वरची कड), हेड मोठं. गेम इम्प्रूव्हमेंट, त्याहून जरा बारीक. प्लेअर्स डिस्टन्स किंवा छोटे कॅव्हिटी बॅक, दिसायला देखणे पण आत थोडी माफी, म्हणजे बिघडलेला शॉट सांभाळून घेणं, शिल्लक असलेले. आणि ब्लेड. मार्करचे छाप फेसभर विखुरलेले असतील तर पहिले दोन प्रकार, बाकीच्यांकडे बघूसुद्धा नका. छाप एका बाजूला का होईना पण एकत्र येत असतील आणि हँडिकॅप १८ च्या आत असेल तर तिसरा प्रकार मारून बघायला हरकत नाही. ब्लेडबद्दल माझं मत असं की सिंगल डिजिटवाल्यालाही त्याची गरज नसते, आवड म्हणून घ्या. टूरवरचे कितीतरी लोक लांब आयर्न कॅव्हिटी बॅकचे आणि छोटे आयर्न ब्लेडचे असा मिक्स सेट ठेवतात, ज्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे ते लोक माफी घेतात तर आपण कशाला लाजायचं.

एक गोष्ट सेल्समन सहसा सांगत नाही. सेव्हन आयर्न हा काही ठरलेला लॉफ्ट नाही, तो फक्त सोलवर कोरलेला आकडा आहे. पूर्वी सेव्हन आयर्न ३४-३५ अंशांचा असायचा, आज गेम इम्प्रूव्हमेंट सेटमध्ये तो २८ ते ३० अंशांचा असतो, म्हणजे जुन्या हिशोबाने जवळजवळ सिक्स किंवा फाइव्ह आयर्न. त्यामुळे डेमोला नवीन सेव्हन मारला आणि बॉल पंधरा यार्ड पुढे गेला तर हुरळून जाऊ नका, आधी लॉफ्ट विचारा. कंपनीच्या वेबसाइटवर प्रत्येक मॉडेलचे लॉफ्ट दिलेले असतात. नवीन हेडमध्ये वजन खाली आणि मागे असतं म्हणून कमी लॉफ्टलाही बॉल वर जातो हे खरं आहे, पण ते ज्याचा स्पीड आहे त्याच्यासाठी. सावकाश स्विंगवाल्याचा बॉल ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) उतरतो तो सपाट, आणि थांबतच नाही, मागच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) जातो.

सोलची रुंदी आपल्या हवामानात महत्त्वाची आहे. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर जमीन मऊ, क्लब बॉलच्या आधी पडला की पातळ सोल सरळ मातीत घुसतो, रुंद सोल घसरून पुढे जातो. मार्च-एप्रिल-मेमध्ये उलटं, जमीन रोटीच्या तव्यासारखी कडक होते आणि फार रुंद सोल आपटून उडतो, बॉल पातळ निघतो. ज्यांचे शॉट फॅट (बॉलच्या आधी जमिनीत) जास्त होतात त्यांनी रुंद घ्यावा, ज्यांचे थिन (पातळ) जास्त होतात आणि जे उन्हाळ्यातही खेळतात त्यांनी मध्यम.

पायरी ५: शाफ्ट

फ्लेक्स म्हणजे शाफ्ट किती वाकतो ते. त्याची अक्षरं एल, ए, आर, एस, एक्स अशी असतात, लेडीजपासून एक्स्ट्रा स्टिफपर्यंत, ए म्हणजेच सीनियर. या अक्षरांना सगळ्या कंपन्यांत मिळून एक असं स्टँडर्ड नाहीये, एकाचा रेग्युलर दुसऱ्याच्या स्टिफएवढा असू शकतो. तरी सुरुवात म्हणून ड्रायव्हरचा स्पीड ताशी ७० ते ८५ मैल असेल तर सीनियर, ८५ ते ९५ रेग्युलर, ९५ ते १०५ स्टिफ, त्यावर एक्स्ट्रा स्टिफ. स्पीड माहीत नसेल तर सेव्हन आयर्नचा कॅरी १२० यार्डांच्या आत असेल तर सीनियर, १३० ते १५० रेग्युलर, त्याच्या पुढे स्टिफ बघा, मधले आकडे दोन्हीकडे जाऊ शकतात.

पीजीए टूरवरचे (पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांतले) खेळाडू ड्रायव्हर सरासरी ताशी ११५ मैलांच्या आसपास फिरवतात आणि एलपीजीएवरच्या (बायकांच्या तशाच टूरवरच्या) मुली साधारण ९५ च्या आसपास. आपल्यातले बहुतेक पुरुष दुसऱ्या आकड्याच्याही खाली असतात. म्हणून टायगर वूड्सच्या नाहीतर रोरी मॅकलरॉयच्या बॅगेत काय आहे ते बघण्यापेक्षा एलपीजीएच्या खेळाडूंच्या बॅगा बघा, तिथे हायब्रिड आणि सेव्हन वूड, नाइन वूड दिसतील. अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये चौथी आली तेव्हा ड्राइव्हच्या लांबीत ती कितीतरी जणींच्या मागे होती, ग्रीनकडे लांबून हायब्रिड आणि वूड मारत होती आणि पटिंगवर वसूल करत होती. आपल्यासारख्या गोल्फ क्लबच्या मेंबरने नक्कल करायचीच तर हिची करावी.

फ्लेक्सइतकंच वजन महत्त्वाचं, आणि ते कोणी विचारत नाही. जुन्या सेकंड हँड सेटमध्ये बऱ्याचदा डायनॅमिक गोल्ड एस ३०० शाफ्ट असतो, सुमारे १३० ग्रॅमचा. तगड्या तरुणाला मस्त, पण पन्नाशीतल्या, ऑफिसात बसून काम करणाऱ्या माणसाला चौदाव्या होलनंतर तो ओढवत नाही, शॉट उजवीकडे पडायला लागतात आणि तो म्हणतो आज फॉर्म नाही. हलके स्टील ९५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, ग्रॅफाइट ५० ते ८० मध्ये. कोपर दुखत असेल, खांद्याचं काही असेल, तर वय न बघता ग्रॅफाइट घ्या.

पायरी ६: ड्रायव्हर, वूड, हायब्रिड

ड्रायव्हरचं हेड नियमाने ४६० सीसीपर्यंत असू शकतं आणि नवशिक्याने, ड्रायव्हर घ्यायची वेळ येईल तेव्हा, पूर्ण ४६० च घ्यावं. लॉफ्ट १०.५ च्या खाली नको, १२ मिळाला तर उत्तम. 'नऊ अंश' म्हणून मिरवण्यात काही अर्थ नाही, कमी लॉफ्टवर बॉलचं बाजूला वळणं जास्त दिसतं, म्हणजे तुमचा स्लाइस (बॉलचं उजवीकडे वळणं) अजून मोठा होतो. स्लाइस नेहमीचाच असेल तर ड्रॉ बायस (बॉल डावीकडे वळायला मदत करणारं) असलेलं मॉडेल घ्या, त्यात वजन हीलकडे असतं आणि फेस बंद व्हायला मदत होते. स्लाइस पूर्ण जाणार नाही, पण दुसऱ्या फेअरवेवर जाणारा बॉल आपल्याच रफमध्ये (कडेच्या लांब गवतात) राहील. शाफ्ट दुकानात साडेपंचेचाळीस-पावणेसेहेचाळीस इंचाचे येतात, एक इंच खाली धरून मारून बघा, बॉल मध्यात लागायला लागला तर कापून घ्या.

थ्री वूड १५ अंशांचा असतो आणि जमिनीवरून मारायला सगळ्यात अवघड क्लब तोच. फाइव्ह वूड १८, सेव्हन वूड २१. हँडिकॅप १८ च्या वर असेल तर थ्री वूडचे पैसे वाचवा आणि सेव्हन वूड घ्या.

आणि थ्री, फोर, फाइव्ह आयर्न काढून हायब्रिड, यावर वाद घालण्यासारखं काही राहिलेलं नाही. सेव्हन आयर्नचा कॅरी १३० च्या खाली असेल तर सिक्स आयर्नच्या जागीही हायब्रिड बसतो. पुण्याच्या ऑक्सफर्डसारख्या चढउताराच्या कोर्सवर बॉल नेहमी उतारावर पडलेला असतो, तिथे लांब आयर्नने बॉल उचलणं म्हणजे नशिबाचा खेळ. एक सांभाळा, हायब्रिड डावीकडे हुक होण्याकडे झुकतो, तुमचा बॉल आधीच डावीकडे जात असेल तर त्याच लॉफ्टचा वूड बरा.

पायरी ७: वेज

नाव विसरा, लॉफ्ट बघा. नवीन सेटचा पिचिंग वेज ४३-४४ अंशांचा असतो आणि लोक त्याला जोडून ५६ चा सँड वेज घेतात, मध्ये बारा-तेरा अंशांची दरी, म्हणजे शंभर यार्डांच्या आत तीसेक यार्ड असे जिथे तुमच्याकडे क्लबच नाही. चार ते सहा अंशांचं अंतर ठेवा. ४४, ५०, ५६ झालं. लॉब वेज, तो ६० अंशांचा, वीसच्या आत हँडिकॅप येईपर्यंत दुकानातच राहू दे.

बाउन्स म्हणजे सोलचा मागचा भाग पुढच्या कडेपेक्षा किती खाली आहे तो कोन. ४ ते ६ कमी, ७ ते १० मध्यम, त्यावर जास्त. बंकरमध्ये भुसभुशीत वाळू आणि पावसाळी कोर्स असेल तर ५६ ला १२ च्या पुढे घ्या. बंकरमध्ये वाळूच नाही, नुसती कडक माती, असाही कोर्स आपल्याकडे असतो, तिथे मध्यम. नवशिक्याने आयर्नच्या सेटमधलाच सँड वेज घ्यावा, तो रुंद सोलचा असतो.

पायरी ८: पटर

पार ७२ चा हिशोबच मुळात प्रत्येक ग्रीनवर पटरचे दोन फटके, म्हणजे अठरा होलना ३६ धरून केलेला आहे. एवढं असूनही पटर सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत घेतला जातो. उलट करा.

लांबी बहुतेक पटरची ३४-३५ इंच येते. पटिंगला उभे राहा, डाव्या डोळ्याखालून बॉल सोडा, तो जमिनीवरच्या बॉलवर किंवा किंचित आत पडायला हवा. पाच-चार उंचीच्या माणसाला बऱ्याचदा ३३ लागतो. स्ट्रोक सरळ मागे-पुढे असेल तर फेस बॅलन्स्ड मॅलेट (मोठ्या हेडचा पटर), कमानीसारखा आत जाऊन येत असेल तर टो हँग असलेला ब्लेड (पातळ हेडचा). ओळखायचं असं की शाफ्ट बोटावर आडवा तोलून धरा, फेस आकाशाकडे बघतो की टो खाली लटकतो. हँडिकॅप वीसच्या वर असेल तर सहसा मॅलेट, त्याच्यावरच्या रेघांनी नेम धरायला बरं पडतं. निवडताना सहा फुटांवरून दहा आणि तीस फुटांवरून दहा पट मारा, तीस फुटांवाले होलपासून किती लांब थांबले ते बघून ठरवा.

ग्रिप आणि बॉल, थोडक्यात

डाव्या हाताने क्लब धरल्यावर मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली पाहिजेत. रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे, फट राहत असेल तर जाड. मुंबईच्या दमटपणात हात घामेजतात, कॉर्डवाली ग्रिप बघा. ग्रिप चकचकीत दिसायला लागली की बदला, वर्षातून एकदा धरून चाला. बॉल टू पीस (दोन थरांचे) घ्या. युरेथेन कव्हरचे महागडे बॉल राऊंडला तीन-चार हरवणाऱ्यासाठी नाहीत.

लेव्हल वाढली की काय बदलायचं

सगळा सेट एकदम बदलायची गरज कधीच पडत नाही. शंभराच्या आत नियमित यायला लागलात की आधी ५० चा वेज आणि मग ड्रायव्हर. नव्वदच्या आसपास आलात, छाप एकत्र यायला लागले, की पैसे भरून फिटिंग (स्विंग मोजून क्लब जुळवणं) करून घ्या, त्याआधी केलं तर आज मोजलेला स्विंग सहा महिन्यांनी राहत नाही. लांबी, लाय आणि फ्लेक्स मात्र पहिल्या दिवसापासून बरोबर हवं, ते वरच्या मार्कर-टेपने होतं. आयर्न सगळ्यात शेवटी बदला.

बायकांसाठी 'लेडीज सेट' म्हणून जे मिळतं ते साधारण एक इंच आखूड आणि एल फ्लेक्सचं असतं, आणि पाच फुटी बाईला तेही लांब पडू शकतं, तेव्हा मनगटाचं माप इथेही. पण जी बॅडमिंटन, टेनिस खेळलेली आहे, जिचा सेव्हन आयर्न शंभर यार्डांच्या वर जातो, तिने सीनियर फ्लेक्स मारून बघावा, रंग गुलाबी नसला तरी चालेल. पोरांना बाबांचा जुना क्लब कापून देऊ नका. हेडचं वजन तेवढंच राहतं, शाफ्ट लाकडासारखा कडक होतो आणि मूल अंगाला हिसके देऊन मारायला शिकतं. ज्युनिअर सेटमधले तीन-चार क्लब पुरे.

सेकंड हँड घेताना

पाच-सहा वर्षं जुना चांगला सेट हाच बहुतेकांसाठी योग्य सौदा असतो. गोल्फ क्लबचा नोटीस बोर्ड, प्रो शॉप, ओळखीचे कॅडी, इथे चौकशी करा. कॅडीला कोणाचा सेट कसा वापरला गेलाय ते मालकापेक्षा जास्त माहीत असतं.

हातात आल्यावर क्रमाने बघा. सगळे आयर्न एकमेकांना टेकवून उभे करा, लांबी अर्ध्या-अर्ध्या इंचाने उतरत जायला हवी आणि शाफ्टवरचं लेबल सगळीकडे एकच हवं. हेड हलवून आत काही खुळखुळतंय का ऐका. ड्रायव्हरच्या वरच्या भागावर आणि फेसच्या कडेला बारीक तडा आहे का ते उन्हात धरून बघा. स्टील शाफ्टवर हेडच्या जवळ गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या, कोकणपट्टीत आणि मुंबईत हे फार. ग्रॅफाइटवरून कापूस फिरवा, कुठे अडकला तर तिथे तंतू उसवलाय. वेजच्या खाचांवर नख ओढा, अडलं नाही तर खाचा गेल्या.

नकली मालही बाजारात भरपूर आहे. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच क्लबवर होझलपाशी (हेड आणि शाफ्ट जोडतात तिथे) सीरियल नंबर कोरलेला असतो, तो कंपनीकडे विचारून घेता येतो. याच वर्षीचा ड्रायव्हर 'सीलपॅक' आणि चौथ्या हिश्श्यात मिळतोय म्हणजे तो नकलीच समजा. बाकी सगळं पटलं तरी पैसे द्यायच्या आधी सेव्हन आयर्न आणि ड्रायव्हर घेऊन रेंजवर एक बकेट मारायला मागा, मार्कर खिशात असू द्या, आणि विकणारा नाही म्हणाला तर बॅग तिथेच ठेवून निघा.